तिळातिळाने चढलेला आवाज

"मावशी, माझ्यावर ओरडू नका ना," नवी मुलगी म्हणाली आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

आता ती ओरडली कुठे होती? तिनं एवढंच विचारलं होतं, की ‘बळावणे’ची कार्डं तुझ्याकडे आली आहेत का. नेहमीसारखंच विचारलं होतं, टेबलावर जरा पुढे वाकून. पण शब्दकोशाच्या त्या लांबट खोलीतली सगळी डोकी वर झाली होती. कोपऱ्यातल्या टायपिस्टचे हात यंत्रावर तसेच अधांतरी राहिले होते. खिडकीपाशी बसणाऱ्या संपादकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कुणी परकं माणूस आत शिरल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. मग ते हसले. "काय कुजबुजबाई, आज जाहीर सभा आहे वाटतं?" खोली हसली. तीही हसली, ओठांपुरती. ‘कुजबुजबाई’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती इथे लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला तीनदा "काय म्हणालात?" विचारून त्यांनी हात टेकले होते, तुमचं बोलणं ऐकायला आम्हाला वेगळा माणूस नेमावा लागणार, म्हणाले होते. नाव चिकटलं. तिलाही ते आवडायचं. आई म्हणायची, बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत राहावा; आणि हिचा आवाज तर ओठांच्याच आत राहायचा. आता तेच नाव खोलीभर फिरलं तेव्हा तिला वाटलं, हे कुणाला हाक मारतायत? "अगं, ओरडले नाही मी," ती नवीला म्हणाली, आणि या खेपेला तिनं स्वतःचं बोलणं ऐकलं. घसा ताणलेला होता. शब्द तोंडातून निघून समोरच्या भिंतीला लागून परत येत होते. नवी मान खाली घालून कार्डं शोधत होती, चापट बसलेल्या लेकरासारखी.

शेजारची सहकारी हलक्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे, नवीन आहे पोर. आम्हाला सवय झालीय तुमची."

सवय झालीय. म्हणजे हे आजचं नव्हे. ती खुर्चीत बसली आणि समोरच्या कार्डांवर नजर ठेवून राहिली. या महिन्यात तिच्या वाट्याला जो शब्दांचा घोळका आला होता तो सगळा वाढण्याचा होता, तोही एकदम नव्हे, हळूहळू वाढण्याचा. ताटात वाढायचं ‘वाढणे’ पलीकडच्या टेबलाकडे गेलं होतं. तिथल्या बाईंनी "बरं झालं, निदान इथे तरी मी वाढणार आणि दुसरं कुणीतरी जेवणार नाही" असा विनोदही केला होता. हिच्याकडे बाकीचं सगळं. कोशाची रीत अशी की अर्थ असा लिहायचा, की शेजारचा शब्द त्या जागी येऊन बसता कामा नये. साधं वाढणं सगळ्यांना चालतं: पोर वाढतं, वेल वाढतो, गर्दी वाढते. भर पडते ती मात्र बाहेरून. कुणीतरी आणून टाकावी लागते. फोफावायला जमीन लागते आणि दुर्लक्ष लागतं. बळावणं चांगल्या गोष्टीच्या नशिबी नसतं. रोग बळावतो, संशय बळावतो, आनंद बळावला असं कुणी म्हणत नाही. मुरणं आणि भिनणं ही आतली वाढ, वरून काही दिसत नाही. चंद्र कलेकलेनं वाढतो, भानगड मारुतीच्या शेपटासारखी वाढते, आणि मारुतीच्या शेपटाला निदान ते वाढतंय हे लंकेतल्या सगळ्यांना दिसत तरी होतं. चढणं वेगळंच. ताप चढतो, नशा चढते, विष चढतं, आवाज चढतो. ‘चढणे’च्या कार्डावर तिनं कालच लिहिलं होतं: ‘मूळ पातळीपासून क्रमाक्रमाने वर जाणे, यात मूळ पातळीची आठवण गृहीत असते.’ संपादकांनी ते वाक्य वाचून मान डोलावली होती. म्हणाले होते, "हे बरोबर पकडलंत. पण आठवण कुणाला असते? घरातल्याला नसते बरं का. पाहुणा येतो आणि म्हणतो, अगं बाई, केवढा उंच झाला हा! आणि आई म्हणते, कुठे हो, तेवढाच तर आहे." त्यावर काल ती मनापासून हसली होती.

नवी परवाच कामावर आली होती. पाहुणीच ती.

संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा रस्त्यात तिला सगळ्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. एरवी रस्त्याचा मिळून एकच आवाज असतो. आज एकेक सुटा होऊन येत होता: बसच्या दारात वाहकाचं ओरडणं, चपलांच्या दुकानातल्या बाईचं "दाखवा ना दुसरा जोड," दोन मुलींची कानगोष्ट. ती मुलींच्या जरा मागून चालू लागली. त्या किती हळू बोलत होत्या! एक सांगत होती आणि दुसरी नुसती मान हलवत होती, आणि तेवढं पुरत होतं. आपण असं कधी बोलत होतो? तिनं वळणावर थांबून, पाणपोईच्या भिंतीकडे तोंड करून, हळूच म्हणून पाहिलं: "दूध संपलंय." शेजारून जाणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दचकून तिच्याकडे पाहिलं आणि अपराध्यासारखे म्हणाले, "माझ्याकडे नाहीये हो." ती चालू लागली. पायांना घाई होती आणि घरी पोचायचंही नव्हतं.

लग्न झालं तेव्हा नवरा बघायचाच नाही तिच्याकडे. म्हणजे भांडण नव्हतं, वाईट वागणूक नव्हती; माणूस सरळ, निर्व्यसनी, कामाला वाघ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतला मेस्त्री. शहरातल्या उंच इमारतींच्या माथ्यावर जी मशीनची खोली असते, जिथे भाडेकरूंपैकी कुणी आयुष्यात पाऊल टाकत नाही, तिथे त्याचा दिवस जायचा, मोटरच्या घरघरीत. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक बेअरिंगच्या खोळीवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. मशीनच्या पोटातलं सगळं त्या दांड्यातून कानात येतं म्हणे. कंपनीत त्याला ‘कान’ म्हणत. "कानाला बोलवा," म्हणत. आणि असा हा कान घरी आला की वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचा, आणि ती जे काही सांगेल ते न बघता ऐकायचा. सगळं ऐकायचा, तेही खरं. ती स्वयंपाकघरातून पुटपुटली तरी बाहेरून उत्तर यायचं. पण मान वर व्हायची नाही. ती सांगत असायची, आज कचेरीत असं झालं, तसं झालं, आणि त्याच्या डोक्यावरच्या भोवऱ्याकडे बघत असायची. एकदा तिनं म्हटलंही होतं, "अहो, माझ्याकडे बघून ऐका ना." त्यावर तो म्हणाला होता, "ऐकायला कान लागतात, डोळे कशाला?" यात काय चूक काढणार? मूलबाळ झालं नाही. वर्षं त्या भोवऱ्याकडे बघण्यात गेली. भोवऱ्यातले केस विरळ झाले तेही तिनंच आधी पाहिलं.

आणि मग कधीतरी तो बघू लागला. कधी, ते तिला सांगता येणार नाही. अशा गोष्टींना सुरुवात नसते, त्या एक दिवस असलेल्याच आढळतात. ती बोलायला लागली की वर्तमानपत्र खाली व्हायचं. खुर्ची जवळ यायची. तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, एकटक, पोरानं गोष्ट ऐकावी तसा. ती स्वयंपाकघरात असली तर उठून दारात येऊन उभा राहायचा. "काय म्हणालीस? परत सांग," म्हणायचा, आणि परत ऐकताना हसायचा. तिला पहिल्यांदा लाजच वाटली होती. या वयात! शेजारणीनंही पाहिलं होतं, म्हणाली होती, "काय बाई, आता मोहोर आला वाटतं झाडाला." तिनं उडवून लावलं खरं, पण त्या दिवशी वेणी घालताना तिनं आरशात स्वतःच्या ओठांकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं. माया अशीच येते, तिला वाटलं होतं. उशिरा येते, कलेकलेनं येते. रोज संध्याकाळी दिवा लावून ती हात जोडून बसे. आईनं लावून दिलेला नेम होता, आज आपण काही खोटं बोललो का एवढं स्वतःला विचारायचं आणि मगच उठायचं. त्या दिवसांत ती नेमाचं विचारून झाल्यावरही जरा बसून राहायची. आभार मानायची.

मग बरणी फुटली. काचेची, लोणच्याची असते एवढी मोठी. तिच्या हातातून सुटली आणि फरशीवर अशी आपटली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून "काय झालं हो?" म्हणून विचारलं. लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या तोंडातून निघालं, "वाढली गं बाई." काचेचं काही फुटलं तर आई फुटलं म्हणू देत नसे, वाढलं म्हण, म्हणायची. ती तुकड्यांच्या मधोमध उभी होती, आणि दारातून तिला त्याची पाठ दिसत होती. तो वाचत होता. त्यानं पान उलटलं, बोट ओलं करून, सावकाश. त्याच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही. त्या क्षणी तिला सगळं कळलं. म्हणजे खुर्ची जवळ का आली, पेपर खाली का झाला, तो ओठांकडे का बघतो. एका मागोमाग एक, पत्त्यांच्या बंगल्यासारखं. तिनं काचा गोळा केल्या. एक बोटाला लागली. तो नंतर आत आला, रिकाम्या फळीकडे बघून म्हणाला, "बरणी कुठे गेली?" आणि ती म्हणाली, "धुवायला काढलीय."

हे खोटं होतं. संध्याकाळी दिव्यापुढे तिनं ते कबूलही केलं. पण त्यानंतर जे तिनं केलं ते कुठल्याच नेमात बसत नव्हतं, म्हणून रोज सुटत राहिलं. ती जरा मोठ्यानं बोलू लागली. एवढंच. अगदी तिळाएवढं. आणि बोलताना त्याच्या समोर उभी राहू लागली. हाक मारायच्या आधी दिव्याचं बटण खालीवर करायचं, म्हणजे तो वळतो. दाराची घंटा वाजली तर आपण आधी उठायचं. कुणाकडे गेलं तर त्याच्या शेजारी बसून समोरच्याचं वाक्य आपल्या तोंडानं परत म्हणायचं: "हो ना, मुलाची बदली झालीय का, अरे वा." आपलं काही बुडतंय हे त्याला कळायच्या आत ती त्याच्या पायाखाली जमीन सारत राहायची. यात खोटं काय होतं? आवाज मोठा करणं खोट्यात मोडत नाही. उलट दया आहे ती, असं ती स्वतःला सांगे. पण दया असती तर ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली असती. त्याच्या कंपनीतल्या एका मेस्त्रीचे कान असेच गेले होते. डॉक्टरांनी त्याला वेळेवर मोटरच्या खोलीतून बाहेर काढलं, गेलं ते परत येत नाही पण आहे ते राखता येतं, म्हणाले. ही गोष्ट खुद्द नवऱ्यानंच तिला सांगितली होती, तिच्या ओठांकडे बघत. तेव्हा तिनं बोलायचं होतं. ती म्हणाली, "भात आणखी हवा का?" कारण तो डॉक्टरकडे गेला, त्याला यंत्र मिळालं, आणि पुन्हा ऐकू येऊ लागलं, तर वर्तमानपत्र पुन्हा वर जाणार होतं. इतकं स्वच्छ तिनं मनातही कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, रस्त्यात, फळांच्या गाडीशी उभी राहून, आणि फळवाल्यानं "ताई, घेणार का नुसतं बघणार?" विचारलं तेव्हा ती उत्तर न देता पुढे गेली. आवाज काढायची भीती वाटली.

आणि हे एवढ्यावर राहिलं असतं तर नवरा-बायकोतलं म्हणून मुरूनही गेलं असतं. पण गेल्या पंधरवड्यात एका दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे धक्का खाऊन बंद पडली. बेअरिंग जळून अडकलं होतं. आत एक म्हातारी बाई होती; पडली, मनगट मोडलं. ती लिफ्ट याच्याकडे आणि याच्या जोडीदाराकडे होती. जोडीदार म्हणजे वर्षानुवर्षांचा सोबती, एका डब्यात जेवणारा, गप्पिष्ट, थट्टेखोर माणूस. ग्रीस भरायचं काम त्याचं आणि ऐकायचं याचं. कंपनीनं विचारलं तेव्हा जोडीदार म्हणाला, मी चार दिवस आधीच सांगितलं होतं, बारीक किर्र आवाज येतोय म्हणून. यानं कान लावला आणि स्वच्छ आहे म्हणाला. आणि हा म्हणाला, आवाज नव्हताच. ग्रीस भरलं नसेल. साहेबांनी कानावर विश्वास ठेवला. कान कधी चुकला नव्हता. उद्या सकाळी दोघांना पुन्हा बोलावलं होतं. हा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला तर जोडीदाराला घरी बसवणार, हे उघड होतं.

जोडीदार रविवारी घरी आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. "वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. मी काय शत्रू आहे का? दोन पोरी शिकतायत माझ्या." हा आत बसून म्हणाला, "मी स्वतः ऐकलं ना! मशीन सतारीसारखं वाजत होतं." जोडीदार तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. घरात राहणारी बाई आहेस, तुला ठाऊक असणार, असा. आणि तिनं चहाचा कप त्याच्या हातात देत, आतपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "भाऊजी, ह्यांचा कान कधी चुकत नाही हो." जोडीदारानं चहा घेतला नाही. कप तिच्याच हातात राहिला आणि तो जिना उतरून गेला. त्या संध्याकाळी ती दिव्यापुढे बसलीच नाही. त्यानंतरही नाही. दिवा लावायची आणि पाठ फिरवून कामाला लागायची, घरात आलेल्या पाहुण्याला तोंड चुकवावं तशी.

तिनं कुलपात किल्ली फिरवली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसून उद्यासाठी बूट पुसत होता. ती दारात उभी राहिली. पाठमोरा तो, खांदे जरा उतरलेले, मानेवर मशीनच्या तेलाचा न जाणारा काळपट पट्टा. ती आत आली हे त्याला कळलं नव्हतं. किती वेळ असं उभं राहता आलं असतं! तिनं दिव्याचं बटण खालीवर केलं. तो वळला आणि हसला, आणि त्याची नजर सवयीनं तिच्या ओठांवर येऊन बसली.

"आलीस? उशीर केलास."

"अहो, मला बोलायचंय."

"बोल की." त्यानं समोरची खुर्ची पायानं सरकवली.

ती बसली नाही. "उद्या साहेबांना सांगा, भाऊजी खरं बोलतायत म्हणून."

"म्हणजे?"

"आवाज येत असणार. तुम्हाला ऐकू आला नसेल."

त्यानं बूट खाली ठेवला. "तो येऊन गेला वाटतं परत? तुझे कान भरले त्यानं?"

"कुणी भरले नाहीत. तुम्हाला कमी ऐकू येतं. बरेच दिवस झाले." हे तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं, की तिला वाटलं, हेच का ते, ज्याला इतकी वर्षं... महिने... तिला काळही नीट आठवेना. "मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो हसला. चुकलेल्या पोराला समजवावं तसा, जरा लाडानंच हसला. "अगं वेडे, तुला काय वाटलं, मला शंका आली नसेल? या धंद्यातल्या प्रत्येकाला येते. बाहेर गर्दीत मला कधी कधी शब्द लागत नाहीत, मान्य आहे. पण मी मेस्त्री आहे. माप लावल्याशिवाय मी काही बोलत नाही. काट्याबद्दल शंका आली तर काय करायचं? जी वस्तू बदलत नाही तिच्यावर लावून बघायचा." तो पुढे झुकला. "मी तुझ्यावर लावून बघत होतो. रोज. तुझ्याहून हळू बोलणारं माणूस या शहरात आहे का? म्हटलं, जोवर हिचं ऐकू येतंय तोवर मला धाड भरलेली नाही. आणि येतंय की! पूर्वी यायचं तस्संच येतंय. म्हणून तर निर्धास्त होतो."

तिनं खुर्चीची पाठ धरली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सामान ओढत नेत होतं, धाड धाड. तिला एकदम दिसलं: तो तिच्याकडे इतके दिवस बघत होता ते मापाकडे बघत होता, आणि ती रोज ते माप वाढवत होती. तिळाएवढं. उद्या आणखी तिळाएवढं.

"मी हळू बोलत नाही आता," ती म्हणाली. "मी वाढवत गेले. तुम्हाला ऐकू यावं म्हणून. आज कचेरीत एक पोर रडकुंडीला आली, मी ओरडले म्हणून. वाण्याला विचारा. वरच्या बाईंना विचारा. माझा आवाज आता जिन्याखाली जातो."

तो तिच्याकडे पाहत राहिला. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण आतून कुणी निघून गेलेल्या घरासारखं. "उगीच काहीतरी."

"खरंच."

"मग एवढे दिवस..." तो थांबला. त्यानं हात वर नेला आणि कानाच्या मागचं हाड चाचपलं, जिथे स्क्रू-ड्रायव्हरची मूठ टेकायची तिथे. मग तो उठला. "काढ," तो म्हणाला. "तो आवाज काढ. पहिला. लग्न झालं तेव्हाचा."

"अहो..."

"काढ. मी तिकडे तोंड करून उभा राहतो. ऐकू आलं, तर हा विषय पुन्हा घरात निघायचा नाही. नाही आलं, तर उद्या मी साहेबांसमोर सांगेन, तो खरा आणि मी खोटा. मग मला घरी बसवा नाहीतर काहीही करा. पण नीट काढ हं. कमी नाही, जास्त नाही. तुला देवाची आण आहे."

तो खिडकीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, हात मागे बांधून, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. खोलीत काही हलत नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि तिला कळलं, की तो आवाज तिला सापडत नाहीये. घशात नेहमीचा ताण भरून आला होता. एवढा एक तीळ सोडला असता तर त्यानं वळून पाहिलं असतं, हसला असता, वर्तमानपत्र खाली ठेवून उद्याही तिच्या तोंडाकडे बघत बसला असता. जोडीदाराच्या पोरी शिकायच्या थांबल्या असत्या आणि एखाद्या मजल्यावर कुणीतरी दुसरी म्हातारी पडली असती, आणि इथे सगळं पूर्वीसारखं झालं असतं. कुणाला कळणार होतं? त्याला मोजता येत नव्हतं. मोजायचं माप तीच होती. तिनं डोळे मिटले. आईच्या घरी पहाटे, सगळे निजलेले असताना, देवापुढे ती जशी बोलायची तो आवाज तिनं शोधला. खूप खाली होता, घशाच्या नव्हे, छातीच्या खाली, पातळ, थोडा थरथरता. शब्द तिनं ठरवले नव्हते. जे इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, दिव्यालाही, तेच ओठांवर आलं.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना," ती म्हणाली, "म्हणून मी गप्प राहिले."

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. त्याची पाठ स्थिर होती. त्यानं मान जराशी तिरकी केली, मशीनच्या खोलीत करत असेल तशी, आणि श्वास रोखून धरला.

"बोल ना," तो म्हणाला. "मी ऐकतोय."